साडेतीन किलोंचा चाप

येळवस आली. पंचांगात तिला वेळ अमावास्या म्हणतात, पण आमच्या धाराशिवकडं हे नाव कुणाच्या तोंडी बसत नाही. तात्या, माझे वडील, जाऊन वर्ष झालेलं नाही, त्यामुळं यंदा घरात सण नाही. तरी मी ग्रंथालयातून एक दिवसाची रजा घेतली आणि सकाळच्या एसटीनं भूमला उतरून गावी आले. शेतात पोचले तर ज्वारीच्या मधोमध कडब्याची कोप उभी. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले, आंबिलीचं मडकं फडक्यानं बांधलेलं. शेजारच्या शेतातले नामदेवकाका भाकरीचं गाठोडं सोडत बसले होते.

"काका, आमचं सुतक..." मी म्हणाले.

"सुतक तुमच्या घराला. शेताला कसलं सुतक, माय? पीक काय तुमच्यासाठी यायचं थांबलंय का?" ते म्हणाले, आणि मला बसायला पोतं टाकलं.

ज्वारी खरंच थांबली नव्हती. माझ्या डोक्याच्या वर हातभर गेली होती. कणसात दूध भरलेलं. या दिवसांत ज्वारीला एक ओला, गोडसर वास येतो. पातीवरचं दव बाहीला लागतं आणि पातीची कड मनगटावर बारीक रेघ ओढून जाते, नंतर तिथं घाम लागला की चुरचुरतं. लहानपणापासून मला या वासात आणखी एक वास मिसळलेला वाटत आला आहे, बंदुकीच्या तेलाचा. यंदा तो नव्हता.

तात्यांची रायफल आजोबांकडून आलेली. तीनशे पंधरा बोअरची, बोल्टवाली. एक गोळी झाडली की बोल्टचा दांडा हातानं वर उचलून मागं ओढायचा, पुन्हा पुढं सारायचा, तेव्हा दुसरी गोळी नळीत बसायची. आजोबांच्या काळात ती शौकाची वस्तू होती. पुढं शिकार कायद्यानं गेली आणि रायफल उरली ती पिकाच्या राखणीपुरती. बालाघाटाच्या उतारावरून हिवाळ्यात रानडुकरं खाली येत. कणसात दूध भरलं की त्यांना कोसभरावरून कळायचं. एका पहाटेत अर्ध्या एकराची ताटं आडवी. मग वन खात्याकडं अर्ज जायचे, परवानगीचा कागद यायचा, आणि ज्याचं शेत मोडलं तो आमच्या ओसरीवर येऊन चहाला बसायचा. डुकराचं नाव काढायची पद्धत नव्हती. मारा, असंही कुणी म्हणायचं नाही. "तात्या, जरा आमच्याकडं बसायला या," एवढंच म्हणायचं. तात्या विचारायचे, "कुठल्या बाजूनं वारं असतं?" बोलणी तिथं संपायची.

दर रविवारी ते रायफल साफ करत. ओसरीत पोतं अंथरून, धोतराच्या जुन्या फडक्यानं. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असायची. आई मी नववीत असताना गेली, त्यानंतर रविवारच्या त्या दोन तासांत आम्ही बापलेक एका जागी असायचो. बोलणं फारसं नसायचं. रिकाम्या रायफलीचा चाप ते एकदा ओढून बघत. त्या जुन्या चापाला दोन टप्पे होते. आधी थोडी सैल ओढ, मग बोटाला एक पायरी लागायची, आणि त्या पायरीच्या पुढं चांगलाच जोर. एकदा त्यांनी मला जवळ बोलावून माझं बोट तिथं ठेवलं होतं.

"पयली ओढ इचार करायला दिलीया," ते म्हणाले होते. "तिथं थांबायचं. पुढं कोण हाय, मागं कोण हाय, समदं बघायचं. मग दुसरी."

"आणि दुसऱ्या ओढीनंतर?"

"मग इचार कामाचा न्हाय."

मला ती दुसरी ओढ ओढता आली नव्हती. ते हसले होते. "पानं उलटायची बोटं ही. ऱ्हाऊ दे." माझ्या वाचनावर त्यांचं असं बारीक बोलणं चालायचं. गावात कुणी विचारलं की लेक काय करते, तर म्हणायचे, "कपाटं राखती. आमी जवारी राखतो, ती पुस्तकं. तिकडं डुकरं कमी हायेत म्हणं."

त्यांचा एक नियम होता. अर्धवट मारायचं नाही. एका गोळीत पडेल अशी खात्री असेल तरच दुसरी ओढ, नाहीतर उठून घरी. गावात त्यांचा मान होता तो या नियमामुळं. नेमबाज कुठंही असतात. गोळी न झाडता परत येणारा माणूस आमच्या गावात तेवढाच होता.

तीन हिवाळ्यांमागं बशीतला चहा सांडायला लागला. आधी वाटलं थंडी आहे. मग सदऱ्याची बटणं. धाराशिवच्या डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हात पुढं धरायला लावले, खोलीत चालून दाखवायला सांगितलं आणि मला बाजूला घेऊन कंपवात हा शब्द उच्चारला. मी ग्रंथालयात जाऊन त्यावर जेवढं मिळालं तेवढं वाचून काढलं. हे माझं नेहमीचंच. दुःख आलं की मी आधी त्याची पुस्तकं शोधते.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या हातून डुक्कर जखमी झालं. पायरीच्या पुढं जोर लावताना हात हलला, नळी तसूभर सरकली. जनावर रक्त टाकत ओढ्याकडं गेलं. तात्या आणि नामदेवकाका दिवसभर त्याच्या मागं चालले. दिवस मावळायच्या आत सापडलं, मग सुटका केली. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले नाहीत, तसेच पायरीवर बसून राहिले. मी जेवायला बोलावलं तर म्हणाले, "दिसभर त्यानं माझ्यामुळं भोगलं." दोन दिवस भाकरीला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चाप बदलून मिळतो म्हणं. हलका. तू वाचती ना एवढं. बघ की जरा."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या वाचनाला काम सांगितलं होतं.

मी झडझडून लागले. संगणकावर जगभरचे लोक रायफलीच्या चापावर किती मनापासून लिहितात हे मला तेव्हा कळलं. बर्फाच्या मुलखातली माणसं, काळविटाएवढ्या हरणांसाठी एकमेकांशी वाद घालणारी. कुणाला एका टप्प्याचा चाप आवडे, काच फुटल्यासारखा एकदम सुटणारा. कुणी दोन टप्प्यांशिवाय बोट लावणार नाही म्हणे. चापाला वजन असतं हे मी तिथं शिकले. चाप सुटायला बोटानं जेवढा जोर लावावा लागतो ते त्याचं वजन. वहीच्या दोन पानांवर मी टिपणं काढली आणि रविवारी तात्यांना वाचून दाखवली. ते मध्ये मध्ये थांबवत. "पुन्यांदा वाच ते." डोळे मिटून ऐकत. रोजचं वर्तमानपत्र वाचून दाखवलं तर पाच मिनिटांत डुलक्या घेणारा माणूस.

आम्ही सोलापूरला गेलो. तिथं बंदुका दुरुस्त करणारे एक जुने परवानाधारक कारागीर आहेत, सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. दुकान अंधारं, पण बाकावर दिवा आणि हिरवं फडकं. त्यांनी रायफल आडवी धरली, चापाला स्प्रिंगचा काटा अडकवला आणि हळूहळू ओढला. खट झालं तेव्हा काट्यावरचा आकडा आम्हाला दाखवला. साडेतीन किलो.

"आजोबांच्या हाताला पेलायचं हे वजन," उस्ताद म्हणाले. "आता तीन रस्ते आहेत तात्यासाब. एक, हाच चाप घासून, आतली स्प्रिंग बदलून थोडा हलका करतो. दोन, बाहेरून आलेला नवा आख्खा चाप बसवतो, त्याला स्क्रू असतो, पाहिजे तेवढं वजन ठेवा. तीन, काहीच करू नका, दसऱ्याला पूजा करा."

"तिसरा तुमच्या रायफलीला," तात्या म्हणाले. उस्ताद खूश होऊन हसले.

नवा चाप त्यांनी फडक्यावर ठेवला. काळा, लहान, माझ्या तळहातात मावेल एवढा. बोट टेकायचं पातं रुंद आणि गुळगुळीत. तात्यांनी तो उचलला आणि हातातच तो थडथडायला लागला. त्यांनी चटकन खाली ठेवला. उस्तादांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

"माय, तू वाचलंयस," तात्या म्हणाले. "तूच सांग कुठला."

मी म्हणाले, "नवा. सव्वा किलोवर ठेवा." तात्यांनी मान हलवली. शाळेत माझा पहिला नंबर आल्यावरही त्यांनी अशी मान हलवली नव्हती.

रायफल आठवडाभर तिथं ठेवायची होती. आम्ही निघताना तात्या पुढं गेले आणि उस्तादांनी मला हलक्या आवाजात थांबवलं. "बेटी, तू बोली सो मैं करता. लेकिन हात हिलता सो आदमी कू हल्का चाप नक्को. बोट लागलं न लागलं, सुटला."

परतीच्या बसमध्ये तात्या खिडकीशी झोपले होते. मांडीवरचा उजवा हात झोपेतही जरा जरा हलत होता, न थांबता. त्या हाताला सव्वा किलो. आणि पुढं दोन हातांवर, ज्वारीत वाकून बसलेले नामदेवकाका. तात्यांबरोबर ते नेहमी बसत. चाळीस वर्षांची ती जोडी होती.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीतून, कपाटांच्या मधे उभी राहून, मी उस्तादांना फोन केला.

"हां बेटी. कल बैठता तेरा चाप."

"बसवू नका."

पलीकडं कानस चालू होती, ती थांबली. "नक्को?"

"नुसतं पातं नवं बसवा, रुंद. आतलं सगळं जुनंच राहू द्या. स्प्रिंगसुद्धा."

"साडेतीन किलो? वो हात से नहीं होने का."

"माहीत आहे."

"तो सीधा बोल देना बाप कू. के बस हुआ अब."

"तुमच्यानं बोलवलं असतं?"

"मेरा बाप गुजर को तीस बरस हुए. होता तो मैं भी नै बोलता." मग म्हणाले, "पर झूठ मैं नै बोलूंगा. पूछे तो तूच बोल."

आज मी स्वतःला विचारते, की तेव्हा मला नेमकी कशाची भीती वाटत होती. नामदेवकाकांच्या जिवाची, हे खरं. पण तेवढंच असतं तर तात्यांसमोर बसून सांगता आलं असतं. तात्या, हा हात आता रायफलीचा राहिला नाही. हे एक वाक्य होतं. मी हजारो पुस्तकांची वर्गवारी केली आहे, कुठलं वाक्य कुठं ठेवायचं ते मला कळतं असं मला वाटायचं. हे वाक्य ठेवायला मला जागा सापडली नाही. मग मी ते स्प्रिंगमध्ये लपवून ठेवलं. बोलायचं काम मी लोखंडावर सोपवलं.

रायफल आणायला गेलो तेव्हा उस्ताद तेलाची बाटली शोधायला आमच्याकडं पाठ करून उभे राहिले आणि बराच वेळ शोधत राहिले. तात्यांनी रिकामी रायफल बाकावर टेकवली, नवं पातं अंगठ्यानं चोळून पाहिलं आणि ओढलं. मी पाहत होते. पहिल्या पायरीवर ते अडले. कपाळाची शीर वर आली. मग शेजारचं बोटही त्यांनी आत घातलं, आणि खट झालं.

"वा," ते म्हणाले. "लोणी झालंय लोणी." आणि माझ्याकडं वळून, "पुस्तकं कामाला आली बघ."

मी हसले. कशी हसले कोण जाणे.

त्या हंगामात गावात कुणीही भेटलं की ते नव्या चापाबद्दल सांगत. "माझ्या लेकीनं निवडलाय. बाहेरच्या देशाचा हाय." पाराजवळच्या मंडळींनी त्यावर चेष्टा केली, "तात्या, मग डुकरास्नी इंग्रजीत हाक मारा आता," तर त्यांना ती चेष्टाही आवडली. येळवशीनंतर चार दिवसांनी कुणीतरी बसायला बोलावलं. मी धाराशिवला होते. रविवारी गावी आले तेव्हा तात्या ओसरीत होते. पोतं अंथरलेलं नव्हतं.

"झालं आपलं," ते म्हणाले.

मग आपणहून सांगितलं. सूर्य वर आला होता, वारं तोंडावर होतं, सगळं जमून आलेलं. एकटा नर होता, मोठ्या सुळ्यांचा, तीस पावलांवर आडवा उभा. "तीनदा ओढला माय. तीनदा पायरीपातुर गेलो. पुढं बोट हलंना. त्यो उभा ऱ्हाऊन बघत हुता माज्याकडं, अन् म्या त्याच्याकडं. मग गेला आपला सावकाश."

मी म्हणाले, "चाप जड असेल तात्या." सांगायची वेळ हीच होती. ओठापर्यंत आलं होतं.

"चाप कशाचा जड? तू निवडलेला. सव्वा किलो." त्यांनी उजव्या हाताचं ते बोट डाव्या हातात धरलं आणि दुसऱ्या कुणाचं असावं तसं बघितलं. "सव्वा किलो पेलंना. बोट मेलंय माझं."

सोमवारी त्यांनी रायफल ठाण्यात जमा केली आणि परवाना परत करायचा अर्ज मला लिहायला सांगितला. मी लिहिला. कारण या ओळीपुढं काय लिहू, विचारलं. "लिही, की शक्ती राहिली नाही." मी तसं लिहिलं. स्वच्छ अक्षरात. त्यांनी खाली सही केली, ती पानाच्या कडेपर्यंत घसरत गेली.

तिथून पुढं ते झपाट्यानं उतरले. आजार उतरवतोच, डॉक्टरांनी सांगितलंच होतं, पण मी दोन्ही गोष्टी वेगळ्या करू शकत नाही. पेला द्यायला गेलं की म्हणायचे, "नगं, पाडीन. सव्वा किलो पेलंना मला." आलेल्यागेलेल्याला तेच सांगायचे, थोडं हसून. हातात पुस्तक देऊन बघितलं, बियांची पाकिटं निवडायला दिली, तर हात मागं घ्यायचे. ज्या गोष्टी त्या हातांना अजून जमल्या असत्या, त्याही त्यांनी सोडून दिल्या. पोळ्याच्या आधी, पावसानं उघडीप दिलेल्या एका दुपारी, ते गेले. शेवटच्या आठवड्यात मी रोज ठरवायची, आज सांगायचं. ते माझ्याकडं बघायचे आणि मला वाटायचं, आता कळून त्यांना काय मिळणार? बोट मेलं नव्हतं एवढंच. आता लिहिताना दिसतं की त्यांना तेवढंच हवं होतं.

कोपीत ऊन तिरपं आलं होतं. नामदेवकाकांनी आंबील शेताभोवती शिंपडून आणली, दगडांना नमस्कार केला आणि माझ्या ताटात हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी वाढली. आम्ही जेवलो. दूर कुठंतरी मुलं ओरडत होती, दुसऱ्या कोपीजवळ. काकांनी पान लावायला घेतलं आणि मी बोलायला सुरुवात केली. उस्तादांचं दुकान, तो फोन, नवं पातं आणि जुनी स्प्रिंग, सगळं. न थांबता सांगितलं. शेवटी म्हणाले, "काका, बोट मेलं नव्हतं त्यांचं. मी त्यांना फसवलं. ते अडलं साडेतीन किलोंना, सव्वा किलोला नाही. ते स्वतःला संपलेलं समजून गेले."

काकांच्या हातातलं पान तसंच राहिलं. चुना लावलेलं, न दुमडलेलं. त्यांनी वर बघितलं नाही. ज्वारीतून वारं गेलं आणि पानांची सळसळ आमच्यापर्यंत येऊन थांबली.

"काय खुळ्यावानी बोलती," ते एकदम म्हणाले. "म्या हुतो की तिथं. तात्यानं चापाला बोट लावलंच न्हाय."

"त्यांनी मला सांगितलं, काका. तीनदा ओढला म्हणून."

"ते तुला सांगायचं म्हनून. डुकरीन हुती ती. मागं पिल्लं. तात्या म्हनला, नामा, पिल्लावाली न्हाय मारायची. बसला तसाच. चापाचा काय संबंधच न्हाय." हे त्यांनी भराभर सांगितलं, आणि पान दुमडायच्या नादात ते फाडलं.

तात्यांनी मला सांगितलेला तो नर माझ्या डोळ्यांपुढं उभा होता, एकटा, तीस पावलांवर. तात्या आयुष्यात माझ्याशी खोटं बोलले नव्हते.

"किती पिल्लं होती?" मी विचारलं.

काकांनी दुसरं पान घेतलं. फडक्यावर पुसलं, उलटं करून पुन्हा पुसलं.

"चार," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पाच असतील."

मी मान हलवली आणि त्यांच्यासाठी सुपारी कातरायला घेतली.